आदराचा कागद

एडसन जेरे सर हल्ली ही गोष्ट स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःला जराही सोडत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत कुणी नवीन रुजू झालं की चहाबरोबर ही गोष्ट ठरलेलीच. सुरुवातही ठरलेली, "मी किती मूर्ख होतो हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं." पण सर पडले मास्तर. मधेच फळ्याकडे वळतात, अवांतर फार बोलतात आणि शेवटाला आले की चष्मा पुसत बसतात. म्हणून आपणच नीट सांगितलेली बरी.

तर जेरे सर लुआन्श्या या आमच्या तांब्याच्या खाणीच्या गावात, खाणकामगारांच्या वसाहतीतल्या शाळेत सातवीला शिकवायचे. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यातलं लाल जास्त झिजायचं. त्या वर्षी मे महिन्यात ते न्डोलाला तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन आले. हातात एक जाडजूड फाईल आणि तोंडात 'सांस्कृतिक विविधता'. पावाच्या दुकानात पाव मागतानासुद्धा त्यांनी हा शब्द कसा वापरला ते दुकानदार अजून करून दाखवतो.

त्यांनी सातवीला प्रकल्प दिला, 'माझा शेजारी, माझी संपत्ती'. प्रत्येक मुलानं दुसऱ्या जमातीचा एक शेजारी निवडायचा, त्याच्याकडे जाऊन बसायचं, त्याचं खाणंपिणं, सणवार, बोलणंचालणं वहीत उतरवायचं, आणि जुलैमध्ये शाळेत प्रदर्शन मांडायचं. कल्पना वाईट नव्हती हो. खाण सुरू झाली तेव्हापासून चारी दिशांची माणसं इथं येऊन राहिलीत, एकाच नळावर पाणी भरतात. पण सरांना कल्पना पुरली नाही. प्रदर्शनाला जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी येणार होते, आणि उपमुख्याध्यापकाची जागा रिकामी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं सर तेव्हा शपथेवर सांगायचे.

आता सरांच्या घराचं सांगायला हवं. सर, त्यांची आई आणि वडील एकाच घरात राहायचे. वडील, म्हातारे जेरे, जातीचे न्गोनी, तीस वर्षं खाणीत खाली उतरलेले. शेजारच्या घरात बा कपासा ('बा' हे आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी लावायचं), बेम्बा, त्याच पाळीत तीस वर्षं उतरलेले. मधे गुडघाभर कुंपण. न्गोनी आणि बेम्बा पणजोबांच्या काळात एकमेकांच्या जिवावर उठले होते. तेव्हापासून एकमेकांची टर उडवायचा हक्क दोघांनाही आहे आणि रागवायचा हक्क कुणालाच नाही. ती लढाई कोणी जिंकली हे या दोन म्हाताऱ्यांनी चाळीस वर्षं ठरू दिलं नव्हतं.

रोज सकाळी सहाला कुंपणावरून बा कपासांचा आवाज यायचा, "काय रे उंदीरखाऊ, आहेस का आटोपलास?"

"आहे की. तुझ्याकडची माकडं संपली वाटतं, माझ्या दारात खायला शोधतोयस ते."

"तुझ्या आजोबाला माझ्या आजोबानं सोडून दिला, ही चूक झाली बघ. आज मला निवांत झोप लागली असती."

असं तासभर. मग दोघं आपापल्या घरी मक्याच्या पिठाचा न्शिमा खायला जायचे आणि दुपारी पुन्हा कुंपणाशी. सरांना लहानपणापासून याची लाज वाटायची. शिकलेल्या माणसाच्या घरी सकाळी सहाला उंदरामाकडांचा विषय निघावा, हे त्यांना काही पटत नव्हतं.

आणि नेमकी बा कपासांची नात लोम्बे सरांच्या वर्गात होती. बारा वर्षांची, पहिल्या बाकावर बसणारी आणि पुस्तकात नसलेले प्रश्न विचारणारी. तिनं प्रकल्पासाठी शेजारी निवडला तो म्हातारे जेरे, आणि तीन आठवड्यांत अख्खी वही भरून आणली.

सरांनी वही उघडली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीनं दोन्ही म्हाताऱ्यांचे टोमणे तारीखवार लिहिले होते, वर त्यांचे प्रकार पाडले होते, खाण्यावरून, लढाईवरून, नाकावरून, बायकोवरून. लढाईचे दोन नकाशे काढले होते. एकात न्गोनी पळत होते, दुसऱ्यात बेम्बा. शेवटी निष्कर्ष, 'न्गोनी माणसं चांगली असतात, पण हे त्यांना तोंडावर सांगायचं नसतं.'

सरांनी लाल पेन काढलं, समासात 'हा द्वेष आहे' असं लिहिलं आणि खाली शून्य दिलं. पोरगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "सर, तुमच्याच बाबांनी सांगितलंय सगळं. त्यांना पण शून्य का?"

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. सरांनी कागद तयार केला. 'मी आजपासून कोणत्याही जमातीची थट्टा, टवाळी वा नक्कल करणार नाही. माझ्या शेजाऱ्याशी मी सभ्यतेने व आदरानेच बोलेन.' खाली सहीसाठी टिंबटिंब. प्रती काढल्या आणि प्रकल्पातल्या घराघरांत वाटल्या. मुख्याध्यापिका मुबिता बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "सर, मी लोझी, नवरा टोंगा. आमच्या जमातींचंही तुमच्यासारखंच टर उडवायचं नातं. हा कागद घरी नेला तर आमचा संसार चालायचा कसा?" सर समजूतदारपणे हसले. बाईंचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं ना.

वडिलांनी चष्मा लावून कागद वाचला. "यावर सही केली की तुला बढती मिळेल?"

"बढतीचा प्रश्न नाही बाबा. तत्त्वाचा आहे."

"म्हणजे मिळेल," वडील म्हणाले आणि सही केली.

बा कपासा कधी शाळेत गेले नव्हते. वाचायला खाणीतच शिकले. त्यामुळे शाळेच्या कागदाचा त्यांना भारी धाक. त्यांनी तो दोनदा वाचला, आत जाऊन बूट घातले, बाहेर येऊन खुर्चीत ताठ बसले आणि सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली. "शाळेचा कागद आहे. शाळेशी खोटं वागायचं नाही," त्यांनी लोम्बेला सांगितलं. म्हाताऱ्यांमधल्या जाणत्या माणसानंच सही केल्यावर वसाहतीतल्या बाकीच्या बेम्बांनीही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सर मुद्दाम खिडकीशी उभे राहिले.

"सुप्रभात, श्रीयुत जेरे," कपासा म्हणाले.

"सुप्रभात, श्रीयुत कपासा," वडील म्हणाले.

"थंडी आहे," कपासा म्हणाले. "आहे," वडील म्हणाले. आणि दोघं आपापल्या घरात गेले. सरांनी खिडकीशी उभ्या उभ्या स्वतःची पाठ थोपटून घेतली.

प्रदर्शन झकास झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनी कंद-शेंगदाण्याचा चिकांदा चाखला, मक्याच्या आंबिलीचे, म्हणजे मुन्कोयोचे, दोन पेले प्यायले, फोटो काढले आणि आदराच्या सगळ्या कागदांचा गठ्ठा 'इतर शाळांना दाखवायला' म्हणून बरोबर नेला. लोम्बेनं नवी वही केली होती. 'न्गोनी लोक शेती करतात. बेम्बा लोकही शेती करतात.' तिला दहापैकी आठ मिळाले. सरांना चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी बैठकीत वडिलांच्या खुर्चीसमोर लावलं.

वडील मात्र त्या थंडीत बोलायचेच कमी झाले. कुंपणाकडे तोंड करून व्हरांड्यात बसायचे. न्शिमा अर्धा टाकून उठायचे. आई म्हणाली, "यांना काहीतरी होतंय." सरांनी शक्तीच्या गोळ्या आणून दिल्या. सर इथं आले की आपल्याच कपाळावर हात मारून घेतात. "गोळ्या," म्हणतात, "मी त्यांना गोळ्या आणून दिल्या."

ऑगस्टमध्ये, एका सकाळी, म्हातारे जेरे खुर्चीतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं, कुणाचा दोष नाही. सरांनी ते ऐकलं आणि त्यांना ते अजिबात पटलं नाही.

दिवसभरात घर भरलं. बायका आत जमिनीवर, पुरुष बाहेर शेगडीभोवती. आमच्याकडे न्गोन्याच्या मयताला बेम्बा आले की आधी लांबूनच त्यांचा कालवा ऐकू येतो. मेलेल्याच्या चालीची नक्कल करतात, त्याची टोपी घालून फिरतात, चुलीचा ताबा घेतात, घरच्यांना शिव्या घालून जेवायला बसवतात. घरचे रडत असतात आणि रडता रडता त्यांना हसू फुटतं. बेम्बांनी मात्र त्या दिवशी रडायचं नसतं. न्गोनी त्यांच्या मयताला हेच करतात.

पण यावेळी बेम्बा आले ते ओळीनं, आणि हळू आवाजात. सगळ्यांत पुढे बा कपासा, काळा कोट, टाय, टोपी हातात. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला. "सर, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." मग बाकावर टोकाला बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. दोन दिवस असंच. कुणी मोठ्यानं बोललं नाही. बँकेत रांग लावून बसल्यासारखी माणसं बसली होती. मुबिता बाई सरांच्या जवळ येऊन पुटपुटल्या, "फार सभ्य मयत आहे हो, सर." त्या टोमणा मारत होत्या की नाही, हे सरांना आजही ठरवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला दफन होतं. सकाळी आईनं सरांना आत बोलावलं. तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवली नव्हती आणि रडलीही नव्हती.

"कपासा कुठाय?"

"बाहेर बसलेत, आई."

"बसलाय? तुझ्या बापाच्या मयताला कपासा नुसता बसलाय?" आई वळली. "दोघांचं ठरलं होतं. जो आधी जाईल त्याच्या खड्ड्यात दुसऱ्यानं आडवं व्हायचं आणि मनासारखं बोलून झाल्याशिवाय उठायचं नाही. खाणीचा बोगदा कोसळला तेव्हा दोघं एक दिवस एक रात्र आत अडकले होते, तेव्हा ठरलंय. तुझे बाबा मला म्हणायचे, मी आधी गेलो तर बरं, त्याचं ऐकायला मजा येईल." तिचा आवाज एवढासा झाला. "आता तू त्यांना अशा मुक्या माणसांच्या हातून पुरणार? कपासाला आण. तो आल्याशिवाय मी यांना घराबाहेर काढू देणार नाही."

सर बाहेर आले तर बाक रिकामं. कपासा कोटाला इस्त्री करायला घरी गेले होते. सर कुंपण ओलांडून गेले. आयुष्यात पहिल्यांदाच फाटकातून न जाता कुंपणावरून गेले आणि पँट अडकवून फाडून घेतली.

कपासा सदऱ्यात उभे होते. लोम्बे इस्त्री करत होती.

"बा कपासा, तो कागद मी रद्द करतो," सर म्हणाले.

"सर, तुमचं मन मोठं आहे. पण मी सही केलीय."

सरांनी खिशातून प्रत काढून फाडली.

"ही नक्कल झाली," कपासा म्हणाले. "खरा कागद जिल्ह्याला गेलाय. आणि सर, त्यात तुम्हीच लिहिलंय, आपण सभ्य शेजारी. सभ्य शेजारी दुसऱ्याच्या कबरीत कसा उतरेल? तिथं उतरायला आधी त्या घरातल्या कुणीतरी आपल्याला आपलं म्हणून शिवी घालावी लागते."

सरांना कळलं. त्यांनी घसा साफ केला. "तुम्ही बेम्बा लोक... म्हणजे... माकडं खाता, असं ऐकिवात आहे."

लोम्बेनं इस्त्री उभी करून ठेवली. आजोबांनी छताकडे पाहिलं. पोरगी आत गेली आणि शून्य मिळालेली वही घेऊन आली. तिनं पान उघडून सरांपुढे धरलं. सर वाचायला लागले. वर्गात धडा वाचतात तसे, स्वल्पविरामाला थांबत.

"ते तुझ्या बापाचं आहे," कपासा हळूच म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'तुझ्या' आलं. "त्याचं त्याला शोभायचं. तुझं काय आहे?"

सरांनी वही मिटली आणि त्यांचं डोकंच फिरलं. त्या माणसाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला आणि दोन्ही एकदम बाहेर पडले.

"तुम्ही त्यांच्यासमोर दोन महिने गप्प बसलात," सर ओरडले. "ते वाट बघत होते, आणि तुम्ही 'थंडी आहे' म्हणत होतात. कसले बेम्बा तुम्ही? म्हणे न्गोन्यांना हरवलं. अहो, तुमच्या अख्ख्या वसाहतीला एका न्गोन्यानं आठवड्यात हरवलं. तेही भाल्यानं नाही, बॉलपेननं. आणि न्गोनी तरी कसला, ज्याला धावता येत नाही, भांडता येत नाही, साधं कुंपण ओलांडता येत नाही, असला. एका प्राथमिक शिक्षकाला घाबरलात. तुमच्या झाडावरची माकडंसुद्धा तुम्हाला खाली ढकलतील."

सरांना धाप लागली होती आणि पँट अजून फाटलेलीच होती. कपासांनी त्यांच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"लोम्बे," ते म्हणाले, "हे टिपून घे. बापाच्या नखाची सर नाही, पण खोटं एक अक्षर नाही त्यात." मग त्यांनी इस्त्रीचा कोट बाजूला सारला. "जुना सदरा दे. आणि त्या उंदीरखाऊच्या घरी जाऊन चुलीपाशी बसलेल्या बायकांना सांग, मी निघालोय."

दोनच्या आत आमच्या वसाहतीत काय कालवा उठला ते विचारू नका. बेम्बा बायकांनी म्हाताऱ्या जेरेंची टोपी, छत्री, चष्मा सगळं पळवलं. एकजण त्यांच्यासारखी फेंगडी चालत शवपेटीच्या पुढे निघाली. आई उठली, तिनं लुगडं नीट केलं आणि ती त्या चालणारीकडे बघत मागोमाग गेली.

स्मशानात पाद्र्यांची प्रार्थना संपली आणि पेटी खाली सोडायची, तोच कपासा दोन पोरांचे खांदे धरून खड्ड्यात उतरले आणि सरळ आडवे झाले.

"ही जागा माझी," खालून आवाज आला. "न्गोन्याला बीळ पुरतं. एवढा ऐसपैस खड्डा कुणी खणला रे? सुट्टीवर आलाय का हा?"

लोक हसले. पाद्र्यांनी पुस्तक मिटून बगलेत मारलं. त्यांना हे ठाऊक होतं.

"मी नाही उठत," कपासा म्हणाले. "लढाई बेम्बांनी जिंकली, असं मास्तरानं सगळ्यांसमोर कबूल करावं. मग उठतो."

सर काठावर आले. आता त्यांना थोडं थोडं जमायला लागलं होतं. "मी कबूल केलं तर बाबा पेटीतून उठून बसतील, बा कपासा."

"मग कर की कबूल," कपासा आडवे पडल्या पडल्या म्हणाले. "उठू दे त्याला."

कुणीच हसलं नाही. सरांनी वाकून पाहिलं. म्हाताऱ्याची हनुवटी थरथरत होती. मघापासून एवढ्या रुबाबात बोलणारा माणूस आता ओठ दातांखाली धरून आभाळाकडे बघत होता. बेम्बानं न्गोन्याच्या मयताला रडायचं नसतं, सगळ्या वसाहतीसमोर तर नाहीच. आणखी एका क्षणात सगळ्यांना दिसलं असतं.

जेरे सरांनी आयुष्यात फारसा विचार न करता अशी एकच गोष्ट केली आहे. चांगल्या बुटांनिशी त्यांनी खाली उडी मारली आणि कपासांच्या तोंडावर आपली सावली पडेल असे उभे राहिले. "बेम्बा घाबरलाय," त्यांनी वर ओरडून सांगितलं. "एकटा झोपत नाही म्हणतो. हात धरायला आलोय." वर हशा पिकला.

सर खाली बसले. म्हाताऱ्यानं त्यांच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"रोज सकाळी एक नवीन शिवी जुळवत होतो," कपासा पुटपुटले. "सही केली म्हणून काय झालं, डोकं थोडंच थांबतं? साठेक झाल्यात. म्हटलं, पोराला बढती मिळाली की मग एकदम देईन त्याला. आता कुणाला देऊ?"

"मला द्या," सर म्हणाले.

"तुला झेपायच्या नाहीत."

"एक तर द्या."

कपासांनी त्यांचं डोकं जवळ ओढलं आणि कानात एक शिवी सांगितली. ती काय होती हे सर आजतागायत कुणाला सांगत नाहीत. एवढंच खरं की बापाच्या कबरीत बसून ते मोठ्यानं हसले, पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. दोन महिन्यांचं सगळंच बाहेर आलं. "बाबा, माझं चुकलं," ते म्हणाले, आणि खालच्या मातीखेरीज ते कपासांनीच ऐकलं.

"काय म्हणाला रे तो?" वरून आईनं विचारलं.

"पाद्री गेले की सांगतो, आई."

आईला हसू आलं. तोंडावर हात धरून ती हसली, मग हात काढून हसली, आणि मग तिनं टाहो फोडला. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. तीन दिवसांचं साठलेलं ती आता रडून घेत होती.

कपासांनी सरांच्या टायनं आपलं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि दोन्ही हात वर केले.

"चला, मला वर घ्या," ते म्हणाले. "जागा गरम करून ठेवलीय. आता त्याला द्या."